झाड लावणाऱ्या घराचा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला बारा हजार डॉलरांच्या पलीकडे गेला. त्याआधी अनेक वर्षे तो अडीच हजार डॉलरांच्या आसपास घुटमळत होता. पुढील वर्षभरात तो पुन्हा निम्म्यावर उतरला. या उलथापालथीची चर्चा झाली ती मुख्यतः चॉकलेटच्या किमतीच्या अंगाने. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण चॉकलेट खाणारा वर्ग बोलका आहे आणि कोको पिकविणारा वर्ग मुका. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील खरा प्रश्न निराळाच आहे. एखाद्या मालाचा भाव चौपट-पाचपट चढतो आणि तरीही त्याचा पुरवठा वाढत नाही, हे कसे घडते?

याचे उत्तर असे की, कोको हे झाड आहे. लावल्यापासून तीन-चार वर्षे ते फळ देत नाही आणि भरात यायला त्याहून अधिक काळ घेते. भाव चढले त्या वर्षी जी झाडे फळावर असायला हवी होती ती आधीच्या मंदीच्या वर्षांत लावलेली असायला हवी होती, आणि त्या वर्षांत ती लावण्याचे कोणत्याही शहाण्या कुटुंबाला कारण नव्हते. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. तो तेथील बड्या मळेवाल्यांचा नव्हे, तर दोन-चार हेक्टर जमिनीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांचा. या दोन्ही देशांत शेतकऱ्याला मिळणारा भाव हंगामाच्या प्रारंभी सरकारी यंत्रणा ठरवून देते. त्यामुळे जागतिक तेजी त्याच्या दारी पोचली ती उशिरा आणि अपुरी. बागा म्हाताऱ्या झालेल्या, फांद्या सुजवून झाड मारणाऱ्या विषाणुरोगाने पोखरलेल्या. घानात तर अनेकांनी आपल्या बागा बेकायदा सोनेखाणवाल्यांच्या हवाली केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा अविचार वाटेल. पण ज्या घरात मुलाची फी आणि दवाखान्याचे बिल एकाच महिन्यात उभे राहते, त्या घराला आज हातात येणारे पैसे आणि पाच वर्षांनी येणारे फळ यांत निवड करायची असते, आणि ती निवड बहुधा एकाच बाजूने होते.

तात्पर्य, झाड लावायचे की नाही, लावले तर ठेवायचे की तोडायचे, हा निर्णय केवळ जमीन किंवा हवामान घेत नाही. तो घर घेते. घरात येणारे पैसे किती दिवसांनी येतात, राबणारे हात किती, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि बाहेरगावी कमावणारा कोणी आहे काय, यांवर तो ठरतो. वनशेतीचा पुरस्कार करणाऱ्या आपल्याकडील धोरणांनी या साध्या गोष्टीचा पुरेसा विचार केलेला नाही, आणि ते कोरेगावसारख्या तालुक्यात उघड दिसते.

कोरेगाव म्हणजे भीमेकाठचे, १८१८ च्या लढाईचे कोरेगाव नव्हे. हे साताऱ्याच्या पूर्वेचे, पुणे–मिरज लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. येथे कोको पिकत नाही आणि पिकविण्याचा सल्ला कोणी देऊही नये. त्या झाडाला दमट उष्मा, दाट सावली आणि वर्षभर ओल लागते. कोकणातल्या नारळीच्या बागेत ते तग धरील, कोरेगावच्या उन्हाळी वाऱ्यात नाही. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; कोरेगावच्या वाट्याला त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकाच येतो. तेव्हा येथील झाड म्हणजे आंबा, चिंच, जांभूळ, बाभूळ, लिंब, शेवगा, आणि त्याची जागा मुख्यतः बांधावर. अगदी आल्याच्या शेतातदेखील विरळ सावलीसाठी तूर किंवा एरंडी लावण्याची पद्धत जुनी आहे. म्हणजे सावलीची शेती येथील शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवायची आहे असे नाही. प्रश्न ज्ञानाचा नाहीच. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने बांधावर चिंच लावली, त्याचा नातू ती का लावत नाही, हा प्रश्न आहे.

दहा दिवस ते पन्नास वर्षे

कोरेगाव तालुक्यातील मध्यम शेतकरी कुटुंबाचा चरितार्थ पाहिला तर त्यात पैसे येण्याच्या निरनिराळ्या मुदती एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. दावणीला दोन गाई असतील तर दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते; किराणा, वीजबिल, मुलांची वह्या-पुस्तके त्यावर भागतात. तालुक्याच्या उत्तर भागात, पिंपोडे, वाठार, देऊर या कमी पावसाच्या पट्ट्यात, खरिपाचा घेवडा होतो. पाऊणशे दिवसांचे हे पीक पहिल्या पावसावर पेरावे आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास त्याचे पैसे हाती यावेत, मग त्याच रानात रब्बीची ज्वारी घ्यावी, अशी ही जुनी व्यवस्था. येथील वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर हिंदुस्थानात राजमा म्हणून जो खाल्ला जातो, त्यात कोरेगावच्या घेवड्याचा वाटा आहे.

पाटाचे किंवा नदीचे पाणी असलेल्या दक्षिण भागात मुदत लांबते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. पण उसाची खरी महती त्याच्या उत्पन्नात नसून त्याच्या निर्वेधपणात आहे. तोडणीच्या टोळ्या कारखाना आणतो, वाहन कारखाना पाठवितो, भावाला सरकारने ठरविलेला किमान आधार असतो आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो आदेश नेहमी पाळला जातोच असे नाही, ही गोष्ट वेगळी. तरीही ज्या घरात कर्ता पुरुष मुंबईला माथाडी कामगार आहे किंवा पुण्याला कारखान्यात आहे आणि रानाकडे वृद्ध आईवडील पाहतात, त्या घराला ऊस हे एकमेव सोयीचे पीक वाटते. ऊस पाणी फार पितो, जमीन खारवतो, हे ऐकून ते घर ऊस सोडणार नाही. कारण त्याची टंचाई पाण्याची नसून माणसांची आहे.

आले ही त्याहून निराळी गोष्ट. हे या तालुक्याचे खरे नगदी पीक आणि खरा जुगार. एकरी सुमारे हजार किलो बेणे लागते, म्हणजे येथील भाषेत दोन गाड्या. पाचशे किलोची एक गाडी. गादीवाफे, ठिबक, शेणखत, भर लावण्याची मजुरी असे सर्व मिळून जो खर्च होतो तो अन्य कोणत्याही हंगामी पिकाला होत नाही. आठ-नऊ महिन्यांनी आले काढता येते. पण भाव नसेल तर ते जमिनीतच राखून पुढच्या पावसाळ्यानंतरही काढता येते. जमीन हेच त्याचे कोठार. मात्र हे कोठार फक्त त्यालाच परवडते ज्याला त्या वर्षी दुसरीकडून खायला मिळते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि घरात लग्न आहे, त्याला पडत्या भावात माल काढावाच लागतो. म्हणजे एकाच शिवारातील दोन शेतकऱ्यांचे आले सारखेच पिकूनही त्यांना मिळणारा भाव त्यांच्या घरच्या अन्य मिळकतीवर ठरतो.

२०२३ साली आल्याच्या गाडीला पन्नास हजार रुपयांच्या वर भाव मिळाला आणि पुढच्या लागणीला बेणेही त्याच चढ्या दराने घ्यावे लागले. एकरी दोन गाड्यांचा हिशेब केला तर मातीत पहिला कोंब येण्याआधीच लाखाच्या घरात रक्कम गेलेली असे. तो माल बाजारात आला तोवर भाव कितीतरी खाली आले होते. त्यातच नवे आले आणि जुने आले असा भेद करून दोन दर देण्याच्या व्यापारी प्रथेवरून जिल्ह्यात शेतकरी संघटनांना आवाज उठवावा लागला. कोकोच्या बाबतीत जे पाच वर्षांच्या फेऱ्यात घडते, ते आल्याच्या बाबतीत दीड वर्षात घडते. तेजी पाहून लागण आणि मंदीत काढणी, हा क्रम तोच.

आता या रांगेत झाडाला उभे करून पाहावे. कलमी आंबा चार-पाच वर्षांनी फळ देऊ लागतो, बियांची चिंच त्याच्या दुप्पट काळाने, आणि पुढे पन्नास वर्षे देत राहते. दहा दिवस, पाऊणशे दिवस, दीड वर्ष आणि पन्नास वर्षे, अशा या मुदती. ज्या घराच्या आखूड मुदतींच्या गरजा भागलेल्या असतात, तेच घर लांब मुदतीचा विचार करू शकते. वनशेतीच्या प्रचारपत्रकांत ‘अल्पभूधारकाला झाड हा आधार’ असे छापलेले असते. ते खोटे नाही. परंतु तो आधार उभा राहीपर्यंतच्या वर्षांत अल्पभूधारकाने काय खावे, हे त्या पत्रकात नसते.

पगाराचे घर, मजुरीचे घर

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीतील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न त्या वर्षी १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांचा वाटा ३,७९८ रुपयांचा आणि मजुरी-पगाराचा ४,०६३ रुपयांचा. जनावरांपासून १,५८२ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरातील पिकाचा पैसा मजुरी-पगाराच्या पैशाहून कमी आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीखाते सव्वाचार हेक्टरांहून थोडे मोठे होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात कोरेगावच्या घराघरांतून काय झाले असेल याची कल्पना करायला फार पांडित्य नको. सातारा जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविली, पलटणींना जवान पुरविले, रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून शिकलेले शिक्षक आणि कारकून साऱ्या महाराष्ट्राला पुरविले. गावची विहीर, तिच्यावरचे इंजिन, पुढे विजेची मोटर, यांत मुंबईच्या पगाराचा पैसा किती मुरला असेल याचा हिशेब कोणत्याही सहकारी बँकेच्या खतावणीत सापडणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने हा ओघ आटला, तेव्हा अनेक घरांना शेतीकडे केवळ शेती म्हणून पाहावे लागले.

यातून एक विपरीत वाटणारी गोष्ट निष्पन्न होते. झाडे लावतो तो शेतीवर सर्वस्वी अवलंबून असलेला शेतकरी नव्हे, तर शेतीवर अवलंबून नसलेला. नोकरदाराची आंब्याची बाग, निवृत्त शिक्षकाची सीताफळाची बाग, हे दृश्य आता सर्वपरिचित आहे. त्याच्याकडे थांबण्याची ऐपत असते आणि राबायला माणसे नसतात. झाडाला नेमके हेच दोन्ही मानवते. उलट ज्याला अवर्षणात झाडाचा खरा आधार झाला असता, तो बांधावरची बाभूळ जळणाला विकून मोकळा होतो.

हे कोरेगावपुरते खरे आहे असेही नाही. पॉली हिल या विदुषीने दक्षिण घानातील कोको शेतकऱ्यांवर १९६३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हेच सूत्र वेगळ्या संदर्भात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी परमुलखात जाऊन जमिनी घेतल्या आणि कोकोच्या बागा उभ्या केल्या, ते अडाणी खेडूत नव्हते. ताडतेलाच्या व्यापारात त्यांनी आधी पैसा कमावला होता, आणि त्या पैशाने जमीन घेतली व झाडे लावली. नवी बाग धरेपर्यंत तिच्यातच केळी आणि अळकुडीसारखे कंद लावून घरचे अन्न काढायचे, ही त्यांची रीत. केळीची सावली कोकोच्या रोपाला आणि केळीचे फळ घराला. वनशेती हे भारदस्त नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त थांबण्याच्या वर्षांतील पोटाची सोय केली होती, आणि १९११ पर्यंत तो मुलूख कोकोच्या निर्यातीत जगात पहिला झाला होता.

आपल्या देशातही कोकोने हाच धडा दिला आहे. १९६५ मध्ये कॅडबरी कंपनीने केरळात कोकोची लागवड सुरू केली आणि सत्तरीच्या दशकात ती वेगाने पसरली. १९८० च्या सुमारास भाव कोसळले, खरेदीदार हात आखडू लागले आणि केरळातील अनेक शेतकऱ्यांनी झाडे तोडून रबर धरले. मंगळूरच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने खरेदीत उतरून आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढून काही अंशी हे पीक सावरले. पण जेथे ते टिकले तेथे मुख्यतः सुपारी आणि नारळाच्या सावलीत टिकले, म्हणजे ज्या घरांचा चरितार्थ मुळात दुसऱ्या झाडावर होता त्यांच्याकडे. आंध्रात तर आज नारळाच्या बागांतून कोको भरपूर पिकतो. तरी जागतिक भाव उतरताच २०२५ साली तेथील उत्पादकांना रस्त्यावर यावे लागले. नारळ होता म्हणून ते आंदोलन करू शकले. तो नसता तर कुऱ्हाड हाती घ्यावी लागली असती.

दुसऱ्याच्या रानातले झाड

येथवर जे विवेचन झाले ते घराच्या मिळकतीविषयी. परंतु कोरेगावात झाडाचा सर्वांत मोठा अडसर मिळकतीत नसून जमिनीच्या हक्कात आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

आले एकाच रानात पुन्हापुन्हा घेता येत नाही, कंदकूज लागते. म्हणून आले करणारा शेतकरी दरवर्षी नवे रान शोधतो आणि बहुधा ते खंडाने घेतो. हा खंडाचा व्यवहार तोंडी असतो आणि एका पिकापुरता असतो. कारण उघड आहे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालक केले. तो कायदा न्याय्य होता. त्याने सातारा-सांगलीकडील कित्येक घरांना प्रथमच स्वतःची जमीन दिली. परंतु त्या कायद्याची स्मृती आज उलट्या बाजूने काम करते. ज्याच्या नावावर रान आहे त्याला सातबाऱ्याच्या पीकपाहणीत दुसऱ्याचे नाव लागण्याची धास्ती वाटते. मग तो कागद करीत नाही आणि रानही एका माणसाकडे फार दिवस ठेवीत नाही. अशा रानात झाड कोण लावील? करणारा लावणार नाही, कारण फळ त्याचे नाही. आणि त्याने उद्या लावायचे म्हटले तरी मालक लावू देणार नाही. कारण झाड लावणे म्हणजे जमिनीत मूळ धरणे, आणि मालक नेमका त्यालाच भितो.

घानात याच्या अगदी उलट आहे. तेथे ‘अबुनू’ नावाची वाट्याची पद्धत चालते. जमीन एकाची, श्रम दुसऱ्याचे. दुसऱ्याने पडीक रानात कोकोची बाग उभी करून ती फळाला आणली की बागेचे दोन समान भाग होतात आणि एक त्याला मिळतो. झाड हाच त्याचा करार आणि तीच त्याची सनद. भूमिहीन माणूस तेथे झाड लावतो तो पर्यावरणप्रेमाने नव्हे, तर त्यातून त्याला जमिनीत पाय रोवता येतो म्हणून. त्या पद्धतीत पिळवणूक नाही असे नाही, तंटेही पुष्कळ आहेत. पण झाड लावणाऱ्याला झाडाचा वाटा मिळतो, एवढी गोष्ट तेथे निर्विवाद आहे. कोरेगावात झाड लावणाऱ्या खंडकऱ्याच्या पदरात काहीही पडत नाही.

यात या लेखाच्या वाचकवर्गाचाही थोडा वाटा आहे, हे सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईत किंवा तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या कितीतरी शिक्षकांची आणि कारकुनांची नावे गावच्या सातबाऱ्यावर भावांच्या आणि चुलत्यांच्या नावांबरोबर उभी आहेत. जमीन वाटलेली नाही, कसणारा एक आणि सहहिस्सेदार सात. फळबागेच्या सरकारी योजनेचा अर्ज करायचा तर या साऱ्यांची संमती लागते. ती मिळवायला गावात राहिलेल्या भावाने दोन-तीन शहरांच्या वाऱ्या करायच्या, आणि सही देताना शहरातल्या भावाच्या मनात तीच शंका यायची, की बाग लावली म्हणजे जमीन याचीच झाली. जी भीती मालकाला खंडकऱ्याची, तीच येथे भावाला भावाची.

झाडांविषयीचा कायदाही या भीतीत भर घालतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने आंबा, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, खैर अशी झाडे स्वतःच्या रानातलीदेखील परवानगीवाचून तोडता येत नाहीत. हेतू रक्षणाचा होता. परंतु शेतकरी त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो: जे रोप मोठे झाल्यावर आपले राहणार नाही, ते लहानपणीच उपटलेले बरे. घानातही हेच घडले आहे. कोकोच्या बागेत आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडावर तेथील कायदा राज्याची सत्ता मानतो; शेतकरी ती रोपे वाढू देत नाही आणि बागेची सावली जाते. भारताने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले, त्यात तोड आणि वाहतुकीचे नियम सैल करावेत असे म्हटले होते. जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठविले. पाऊल योग्य दिशेचे आहे. तथापि, त्यांतही लागवडीची नोंदणी करताना जमिनीच्या मालकीचा तपशील द्यावा लागतो. म्हणजे तोंडी खंडकरी आणि अविभक्त खातेदार येथेही दाराबाहेरच.

महाराष्ट्राला या विषयात एक मोठा अनुभव आहे, तो विसरता कामा नये. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू झाली आणि राज्यात काही लाख हेक्टरांवर आंबा, काजू, डाळिंब, बोर, चिंच उभी राहिली. ती यशस्वी झाली याचे श्रेय सामान्यतः शंभर टक्के अनुदानाला दिले जाते. वस्तुतः तिचे मर्म असे होते की, शेतकऱ्याला स्वतःच्या रानात खड्डे काढण्याची, रोपे जगविण्याची मजुरी मिळत होती. म्हणजे थांबण्याच्या वर्षांची काही किंमत शासन मोजत होते. घानातल्या केळीने जे काम केले ते येथे रोजगार हमीच्या मजुरीने केले. पण ही योजना सातबाऱ्यावर चालणारी होती, आणि झाडे जगली ती जेथे अनुदान संपल्यानंतरही घरात दुसरा पैसा येत होता तेथे.

उत्तर कोरेगावात आज पाण्याची कामे झाली आहेत. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या जलसंधारण स्पर्धेत याच तालुक्यातील वेळू गावाने प्रथम क्रमांक पटकाविला. वसना-वांगना उपसा योजनेचे पाणीही काही शिवारांत आले. पाणी आले की हिरवाई येते हे खरे, पण कोणती हिरवाई? घरची अडचण जशीच्या तशी राहिली तर पाण्याबरोबर ऊस येतो, आले येते. झाड येत नाही, उलट गादीवाफ्यांच्या आड येते म्हणून बांधावरचे जातेच. पाणलोटाची कामे करणाऱ्या निष्ठावंत मंडळींना हे ऐकणे कडू वाटेल, पण पाण्याने पिकाची मुदत बदलत नाही आणि घराची गरजही बदलत नाही.

मग काय करता येण्यासारखे आहे? पहिली गोष्ट घेवड्याची. दहा मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या दोन ओळींमध्ये पहिली पाच-सात वर्षे उन्हाची कमतरता नसते. पाऊणशे दिवसांचा घेवडा आणि मग ज्वारी तेथे बिनदिक्कत होऊ शकते. घराचे खाणे चालू राहते आणि झाड वाढते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या घेवड्याला त्याच्या नावाचा भाव मिळवून दिला, तर झाडाला अनुदान देण्याहून तो मोठा आधार होईल. आज त्या मानांकनाचा शिक्का व्यापाऱ्याच्या पोत्यावर क्वचितच दिसतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. जिल्हा बँकेचे पीककर्ज हंगामाचे असते आणि त्याच्या परतफेडीची तारीख झाडाला कळत नाही. कारखाना उसाच्या भरवशावर बेणे आणि खते उधारीने देतो, कारण ऊस त्याच्याच गव्हाणीत येणार याची त्याला खात्री असते. चिंचेला अशी गव्हाण नाही. ती सहकारानेच काढावी लागेल. कॅम्पकोने पुत्तूरला ती काढली, हे उदाहरण पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी धुरीणांना अपरिचित नसावे.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट खंडाच्या कागदाची. २०१६ साली नीती आयोगाने शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात मुदत संपताच जमीन मालकाला निर्वेध परत मिळण्याची हमी आहे, आणि कसणाऱ्याने जमिनीत घातलेल्या व न वसूल झालेल्या भांडवलाचा मोबदला त्याला मिळण्याचीही तरतूद आहे. या दोन कलमांत अबुनूचे तत्त्व आणि कोरेगावच्या मालकाची भीती यांची गाठ घालण्याची शक्यता आहे: झाड लावणाऱ्याला झाडाची किंमत मिळेल आणि जमीन मात्र मालकाचीच राहील. दहा-बारा वर्षांचा नोंदलेला पट्टा आणि त्यात झाडाच्या वाट्याचे एक कलम, एवढे झाले तरी आज एका वर्षात रान ओरबाडून पुढे जाणारा आले करणारा शेतकरी त्या रानाच्या बांधाकडे वेगळ्या नजरेने पाहील. यासाठी मालकाला प्रथम पटवावे लागेल, आणि मालक पुष्कळदा शहरात असतो.

आल्याची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते. त्याआधी पाडव्याच्या आगेमागे कोरेगावच्या गावोगावी खंडाचे व्यवहार ठरतील, तोंडी, एका पिकापुरते.